पाचव्या पानानंतर

वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा बर्फाचा कारखाना
बंद पडून अकरा वर्षं झाली. भिंतींना अजून अमोनियाचा वास.
आत साठेक खुर्च्या, मांडववाल्याकडून उधार,
आणि लाद्या घसरायच्या त्या उतारावर
चार विटा लावून सरळ केलेला पियानो.

माझं काम एवढंच: पानं उलटणं.
दिवसा मी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत उलटतो
खरेदीखतं, गहाणखतं, हक्कसोडपत्रं;
आज रात्री हे. नोटेशन वाचता येतं
ते चर्चच्या कॉयरमध्ये मागच्या रांगेत उभा राहिल्यामुळे.
फिलू लोबो हनुवटी हलवते, मी उलटतो.
बावीस वर्षं तिनं जहाजांवर वाजवलं,
जेवणाऱ्या माणसांच्या पाठींना.
आता ही आठ पानं लिहिलीत. वर नाव: रापण.

पहिलं पान सरळ आहे.
दोर ओढताना गाबीत जी हाळी घालतात
तीच, डाव्या हातात, जशीच्या तशी;
उजवा हात तिला फक्त धुऊन देतो.
हसीब होडेकर बास कवेत घेऊन उभा.
बासच्या पोटाला चीर गेली तेव्हा
बापानं ती होडीसारखी बुजवली: कापूस, राळ, माशाचं तेल.
भरतीला हा वेगळा वाजतो, हसीब म्हणतो.
आम्ही हसतो. पण वाजतो.

ड्रमवर गुणाजी खवणेकर. दशावतारात
संकासुराच्या पावलांना ठेका देता देता केस गेले.
फिलूनं ब्रश दिले तेव्हा म्हणाला, हां तर अंगण झाडूचा काम.
आणि झाडतो तसाच,
पहाटे घरात कुणाला जाग येऊ नये अशा बेतानं.

दुसरं पान. तिसरं. चौथ्यावर शाईचा डाग,
तिथं ती दर वेळी किंचित थांबते,
जणू तो डागही रचलेला.

पाचव्याच्या तळाशी रेघा संपतात.
पुढे पेन्सिलीनं एकच शब्द:
सोड.

मी हात पुढे केला.
"आता पानां नाय," फिलू पुटपुटली, "हात खिशात घाल."

आधी वाटलं, चुकले.
हसीबचं बोट एकाच सुरावर,
दारात उभ्या वसुलीवाल्यासारखं.
गुणाजीनं ठेका टाकला, पुन्हा उचलला,
पालथा करून बघितला, खाली काही आहे का.
फिलू खालच्या पट्ट्यांत उतरली, जिथं
लाकूड खाऱ्या हवेनं फुगलंय आणि दोन पट्ट्या
वाजतच नाहीत.
तिनं त्याच धरल्या. ठक. ठक.
बाकीचे सूर त्यांच्याभोवती,
खडकाभोवती पाणी वाजतं तसे.

माझ्या कचेरीत प्रत्येक गोष्टीला चतुःसीमा असते:
पूर्वेस अमक्याचं कुंपण, पश्चिमेस समुद्र.
इथं चारी बाजूंना पश्चिम.

मागून कुणी उठून गेलं.
एक पोर म्हणालं, "आये, ह्यां सुरू कधी होतलां?"
मी खिशातल्या बोटांवर मात्रा मोजत होतो,
मग मोजायचं राहिलं.

कुणी सुरू केलं ते सांगता येणार नाही,
बासच्या पोटातून हाळीचा तुकडा आला, अर्धाच.
गुणाजी थबकला.
दुसरं टोक फिलूकडे होतं. तिनं ओढलं.
दोर जवळ जवळ येत गेले
आणि मधलं पाणी जड झालं, चमकायला लागलं.

हनुवटी हलली.
माझी बोटं घामेजलेली, दमट हवेत पानं चिकटलेली,
तीन एकदम उलटली. समोर आठवं.
तिनं बघितलं. हसली. आठवं वाजवलं.

खुर्च्या रचताना गुणाजीनं विचारलं,
"सहाव्या पानार काय होतां गो?"
फिलूनं पियानोचं झाकण लावलं, वरची धूळ तळव्यानं पुसली.
"म्हावरां," म्हणाली.